रक्त वाढेल, मूत्रपिंडाचे काय?

जागतिक मूत्रपिंड दिन यंदा १२ मार्चला आहे. २००६ पासून मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी तो पाळला जातो. त्या दिवशी काय काय होणार हे आता ठरून गेले आहे. रुग्णालयांच्या दारात फलक लागतात, सकाळी फेरी निघते, दुपारी साखर आणि रक्तदाबाची मोफत तपासणी होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत भरपूर पाणी पिण्याचा सल्ला छापून येतो. यात वाईट काही नाही. मात्र या सगळ्या धामधुमीत जो रुग्ण गृहीत धरलेला असतो, तो पन्नाशीचा, मधुमेही आणि पोट सुटलेला असतो. चार वर्षांचे मूल त्या चित्रात नसते. २०१६ मध्ये या दिनाचा विषयच 'मुले आणि मूत्रपिंडाचे आजार' असा होता. त्याला दहा वर्षे झाली, पण फलकांवरचा माणूस काही बदललेला नाही.

मुलांचा मूत्रपिंडविकार मोठ्यांच्या आजाराची छोटी आवृत्ती नव्हे. साखर आणि रक्तदाब ही मोठ्यांची मुख्य कारणे. मुलांत मोठा वाटा असतो तो जन्मतःच मूत्रपिंडाची किंवा मूत्रमार्गाची घडण चुकलेली असण्याचा. काही मुलग्यांत मूत्रनलिकेच्या मागच्या भागात पडदे असतात, लघवी बाहेर पडताना अडते आणि तिचा ताण मागे मूत्रपिंडावर येतो. काहींत लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते, सोबत जंतू नेते, आणि प्रत्येक तापाच्या आजारानंतर मूत्रपिंडावर वण राहण्याची भीती असते. काही मुलांची मूत्रपिंडे मुळातच लहान आणि कच्ची असतात. नेफ्रोटिक सिंड्रोमचा औषधांना दाद न देणारा प्रकार आणि काही आनुवंशिक आजार यांची भर वेगळी. घडणीतल्या दोषांपैकी बरेचसे गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसू शकते, आणि ज्यांच्या पोटातल्या बाळात ते दिसले त्यांनी जन्मानंतर पुन्हा तपासणी करायची असते. ती अनेकदा राहून जाते, कारण बाळ गुटगुटीत असते, दूध पिते आणि लघवीही करते.

पुढे काही वर्षांनी हेच मूल वेगळ्या तक्रारी घेऊन येते. उंची वाढत नाही. खेळताना लवकर दमते. सारखी तहान लागते, शाळेत जाण्याच्या वयातही अंथरूण ओले होते. चेहरा पांढुरका दिसतो. आजी म्हणते, अंगात रक्त नाही. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, मान हलवतात आणि रक्तवाढीचे टॉनिक लिहून देतात. त्यांना फार दोष देता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. देशाचा आकडा ६७.१ टक्के. ज्या राज्यात तीनांतल्या दोन मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे पांढुरके मूल पाहून कोणाला आधी मूत्रपिंड आठवेल? रक्तक्षय इतका सर्रास असल्यामुळेच त्यामागचा वेगळा आजार लपून राहतो. टॉनिकची पहिली बाटली संपते, दुसरी संपते, हिमोग्लोबिन तसूभर हलत नाही, आणि मग दोष मुलाच्या खाण्याला दिला जातो.

बरे, कोणी रक्त तपासायला सांगितले आणि त्यात क्रिएटिनिनही पाहिले, तरी फसगत टळतेच असे नाही. समजा, मुलाचे क्रिएटिनिन ०.९ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते ०.६ ते १.२, आणि ती असते मोठ्यांची. कागद पाहून सगळे निश्चिंत होतात. पण मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग काढण्याचे, मुलांसाठी २००९ मध्ये सुधारलेले श्वार्ट्झ यांचे सूत्र अगदी सोपे आहे. सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे. शंभर सेंटिमीटर उंचीच्या, म्हणजे साधारण चार वर्षांच्या मुलाचे उत्तर येते ४६. निरोगी मुलात हा आकडा शंभराच्या पुढे असतो. कागदावर 'नॉर्मल' ठरलेल्या या मुलाच्या मूत्रपिंडाचे निम्म्याहून अधिक काम थांबलेले आहे. उंची लिहून घ्यायला पट्टी लागते, सूत्राला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. तरीही मुलांच्या रक्ताच्या अहवालांवर उंचीचा रकाना नसतो. प्रयोगशाळांनी तो का छापू नये, याचे पटेल असे कारण आम्हांला सापडलेले नाही.

मूत्रपिंड बिघडले की रक्त का कमी होते, हे समजून घेतले तर लोहाच्या औषधाची जागा कळते. तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण त्या तयार करण्याचा हुकूम येतो मूत्रपिंडातून, एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या रूपाने. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या मधल्या जागेत ज्या पेशी असतात त्या ते बनवतात. क्योतोच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांत दाखवून दिले की मूत्रपिंडाला इजा झाली की याच पेशींचा स्वभाव पालटतो. त्या संप्रेरक बनवणे सोडतात आणि वणाचा चिवट तंतू विणू लागतात. म्हणजे मुलाचा पांढुरका चेहरा आणि मूत्रपिंडातला वण, दोन्ही एकाच घरातून निघतात. रक्तक्षय हा या आजाराचा केवळ एक त्रासदायक उपद्रव नाही, आत काय चालले आहे याची ती खूण आहे. उत्तर अमेरिकेत २००५ पासून मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास सुरू आहे. गाळण्याचा वेग साधारण ४३ च्या खाली गेला की हिमोग्लोबिन घसरू लागते, असे त्यात दिसले. वरच्या उदाहरणातले ४६ चे मूल त्या उंबरठ्यावरच उभे आहे.

दुसरे कारण लोहाचेच. यकृतात हेप्सिडिन नावाचे एक छोटे प्रथिन बनते. त्याचा शोध २०००-०१ च्या सुमाराचा. हेप्सिडिन वाढले की आतड्यांतून लोह रक्तात येत नाही आणि शरीरात साठवलेले लोहही बाहेर सुटत नाही. मूत्रपिंड बिघडलेल्या मुलात ते दोन कारणांनी वाढते: लघवीवाटे बाहेर पडत नाही म्हणून, आणि अंगात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे. कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलेले आहे, अशी ही अवस्था. म्हणून फेरिटिन म्हणजे साठ्याचा आकडा चांगला दिसतो आणि मज्जेला लोह मिळत नाही. अशा मुलात नुसते फेरिटिन पाहून निर्णय घेता येत नाही, त्याबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्ये मुलांसाठी जी रेघ आखली ती अशी: सॅच्युरेशन २० टक्के किंवा त्याखाली आणि फेरिटिन १०० किंवा त्याखाली असेल तर लोह द्या, डायलिसिसवर नसलेल्या मुलाला तोंडावाटे, रक्ताच्या डायलिसिसवरच्या मुलाला हवे तर शिरेतून.

इथवर वाद नाही. लोहाची कमतरता असलेल्या मुलाला लोह दिले पाहिजे. त्याने हिमोग्लोबिन वाढते, दम कमी लागतो, एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांची मात्रा कमी ठेवता येते. हे इंजेक्शन १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याआधी डायलिसिसवरची मुले रक्ताच्या पिशव्यांवर जगत, आणि त्या पिशव्यांमधले लोह त्यांच्या यकृतात साठत जाई. आजही 'एक बाटली रक्त चढवून टाका' हा सल्ला सहज दिला जातो. ज्या मुलाला पुढे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण लागणार आहे, त्याच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तामुळे विरोधी प्रतिद्रव्ये तयार होतात आणि जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होते, हे सांगणारा मात्र त्या वेळी जवळ नसतो.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे आणि गेली काही वर्षे संशोधक त्याच्या मागे आहेत. लोहाच्या उपचाराने नुसते रक्त वाढेल, की मूत्रपिंडात वण पडण्याची चालही मंदावेल?

आशा वाटण्याला कारण आहे. हाडांत तयार होणारे एफजीएफ २३ नावाचे एक संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावते. मूत्रपिंडविकाराच्या अगदी सुरुवातीलाच ते वाढू लागते. ज्या मुलांत ते जास्त, त्यांचे मूत्रपिंड लवकर निकामी होते, असे वर उल्लेख केलेल्या उत्तर अमेरिकी अभ्यासात दिसले. हृदयाचा डावा कप्पा जाड होण्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. लोहाची कमतरता हे संप्रेरक आणखी वाढवते. मग लोह देऊन ते खाली आणले तर? फेरिक सायट्रेट हे औषध इथे दुहेरी कामाचे ठरते. ते अन्नातले फॉस्फेट आतड्यातच बांधून ठेवते आणि थोडे लोहही पुरवते. अमेरिकेत २०१४ मध्ये ते डायलिसिसवरच्या प्रौढांसाठी, आणि २०१७ मध्ये डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांच्या रक्तक्षयासाठी मंजूर झाले. अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराचे प्रतिरूप असलेल्या उंदरांना ते दिल्यावर एफजीएफ २३ खाली आले, मूत्रपिंड आणि हृदयाचे काम सुधारले आणि उंदीर अधिक काळ जगले, असा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका केंद्रावर, आजार खूप पुढे गेलेल्या सुमारे दोनशे प्रौढांत, हे औषध घेणाऱ्यांपैकी कमी जणांवर मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली.

याच्या उलट बाजूला असलेला पुरावाही तितकाच गंभीर आहे. मोकळे लोह पेशींना जाळते. शिरेतून दिलेले लोह कर्बोदकांच्या वेष्टणातून सुटले तर मूत्रपिंडाच्या नळ्यांतल्या पेशींना इजा करू शकते. लोहामुळे होणाऱ्या पेशीमृत्यूला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस हे स्वतंत्र नावच मिळाले. २०२३ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवले की इजा झालेल्या ऊतीत लोह साचते, तिथल्या पेशी अकाली म्हाताऱ्या होतात आणि त्यांतून वण घट्ट होत जातो. म्हणजे एका प्रयोगशाळेत लोहाने उंदीर वाचतात आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत लोहानेच वण पडतात. यात कोणी खोटे बोलत नाही. रक्तात लोह कमी आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत ते साचलेले, असे एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकते. किती लोह, कोणत्या वाटेने, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, यावर उत्तर बदलते.

माणसांवरच्या चाचण्यांनीही एकच दिशा दाखवलेली नाही. अमेरिकेत डायलिसिसवर नसलेल्या १३६ प्रौढांची चाचणी २०१५ च्या सुमारास अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण शिरेतून लोह घेणाऱ्यांत जंतुसंसर्ग आणि हृदयविकाराच्या घटना जास्त झाल्या. मूत्रपिंडाच्या घसरणीत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. याउलट ब्रिटनमध्ये डायलिसिसवरच्या २,१४१ प्रौढांत शिरेतून सढळ हाताने लोह दिलेल्यांचीच स्थिती चांगली राहिली. तो निकाल २०१९ चा. पण त्या रुग्णांची मूत्रपिंडे आधीच गेलेली होती, तिथे वण रोखण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

मुलांचे काय? फेरिक सायट्रेटची मुलांवरची एक मोठी चाचणी अमेरिकेत अनेक केंद्रांवर आखली गेली आणि तिचा आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते १८ वर्षांची, आजाराच्या मधल्या टप्प्यांतली मुले आहेत. पण त्यातही मुख्य मोजमाप आहे एफजीएफ २३ चे, वणाचे नाही. याला कारण आहे. वण प्रत्यक्ष मोजायचा तर मूत्रपिंडात सुई घालून तुकडा काढावा लागतो. ठीकठाक असलेल्या मुलाला केवळ संशोधनासाठी दोनदा सुई टोचायला कोणती आई तयार होईल, आणि कोणत्या नैतिकता समितीने तशी परवानगी द्यावी? म्हणून रक्तातल्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि खूण सुधारली म्हणजे मूत्रपिंड सुधारले असे होत नाही.

हे असे होत नाही याचे दाखले याच आजाराच्या इतिहासात आहेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर वाईट, मग ते पूर्ण सामान्य केले तर उत्तम, हे तर्काला धरूनच होते. २००९ च्या एका चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या ४,०३८ प्रौढांत ते करून पाहिले, आणि पक्षाघाताचे प्रमाण दुपटीच्या आसपास गेले. मुलांतला दाखला तर विषयाच्या आणखी जवळचा आहे. लघवी उलटी चढणाऱ्या मुलांना रोज थोडे प्रतिजैविक दिले तर जंतुसंसर्ग टळेल, मग वणही टळतील, असे वाटत होते. अमेरिकेत ६०७ मुलांवर ते तपासले गेले आणि २०१४ मध्ये निकाल आला. संसर्ग निम्म्याने कमी झाले, पण नव्या वणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. जंतुसंसर्गाने वण पडतो हे खरे असूनही संसर्ग कमी केल्याने वण कमी झाले नाहीत. लोहाचे औषध वण थांबवते असे आज कोणी सांगत असेल, तर त्याने हे दोन निकाल आधी वाचावेत.

आमचे मत म्हणून सरळ आहे. मूत्रपिंडविकार असलेल्या मुलाला लोह द्यावे ते त्याच्या रक्तासाठी, मोजून, आणि पुन्हा मोजत राहून. मूत्रपिंड वाचेल या आशेवर कमतरता नसलेल्या मुलाला ते देऊ नये. आणि वणाच्या भीतीने कमतरता असलेल्या मुलाचे लोह बंदही करू नये. ही दुसरी चूक आपल्याकडे अधिक महाग पडेल.

देण्याच्या रीतीतही बरेच काही आहे. मुलाला लोहाचे औषध देऊन वर चहा-बिस्कीट दिले तर आतड्यात लोह शोषले जात नाही. फॉस्फेट बांधणारी कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच घोटाबरोबर दिली तरी तेच होते. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे. शौचाला काळी झाली म्हणून घाबरून औषध थांबवू नये. रक्त वाढावे म्हणून घरोघरी दिले जाणारे खजूर, गूळ, डाळिंब, बीट हे पदार्थ निरोगी मुलाला चांगलेच. पण मूत्रपिंड बिघडलेल्या मुलाच्या अंगात पोटॅशियम साचत असेल तर हेच प्रेमाचे खाणे हृदयाची लय बिघडवू शकते. काय आणि किती द्यायचे ते मुलाचा रक्ताचा अहवाल पाहून ठरवावे लागते. कुठल्याशा वैदूकडची कागदाच्या पुडीतली भस्मे तर अशा मुलांपासून दूरच ठेवावीत. वर वर्तमानपत्रांतल्या ज्या सल्ल्याचा उल्लेख केला, त्या 'भरपूर पाणी प्या' चीही हीच गत आहे. लघवीवाटे पाणी आणि मीठ वाहून जाणाऱ्या मुलाला ते खरेच हवे असते, सूज आलेल्या मुलाला ते घातक ठरते.

आणि वणाची चाल मंदावणारे काही सिद्ध झालेले उपाय आहेत, त्यांच्याकडे आधी पाहायला हवे. युरोपात ३८५ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब नेहमीपेक्षा काटेकोरपणे खाली ठेवल्यावर पाच वर्षांत मूत्रपिंड निम्म्याने घसरणाऱ्या किंवा निकामी होणाऱ्या मुलांचे प्रमाण ४१.७ वरून २९.९ टक्क्यांवर आले. सर्व मुलांना रामिप्रिल हे जुने, स्वस्त औषध दिलेले होते. लघवीच्या जंतुसंसर्गाचा ताप आला तर पहिल्या दोन दिवसांत योग्य प्रतिजैविक सुरू झाले पाहिजे. उशीर वाढतो तशी वण राहण्याची शक्यता वाढते. त्यासाठी ताप आलेल्या बाळाची लघवी तपासावी लागते. आपल्याकडे सर्दी-खोकला नसताना ताप आलेल्या बाळाला औषध आधी मिळते, लघवीची बाटली मागाहून, किंवा कधीच नाही. किती दवाखान्यांत लहान मुलांच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा आहे, हे पालकांनी एकदा विचारून पाहावे.

सरकारी यंत्रणा नाही असे नाही. अॅनिमियामुक्त भारत मोहिमेत २०१८ पासून लहानांना लोहाचे सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला गुलाबी गोळी, किशोरांना निळी गोळी मिळते. सर्वसाधारण मुलांसाठी ही मोहीम योग्यच आहे आणि ती नेटाने चालावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. या कार्यक्रमाच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयाचा दोष आहे. मूत्रमार्गाचा दोष त्यात नाही. पुढे पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. म्हणजे मूत्रपिंड गेल्यावर पैसे द्यायला सरकार तयार आहे.

ते जाण्याआधीची सोय मात्र फार खर्चाची नाही. आरोग्य विभागाने शाळा तपासणी पथकांच्या पेटीत मुलांच्या मापाचा बीपीचा पट्टा आणि लघवीतले प्रथिन पाहण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन न वाढलेल्या प्रत्येक मुलाचे क्रिएटिनिन तपासणे सक्तीचे करावे आणि त्या कागदावर मुलाची उंची लिहिणे प्रयोगशाळांना बंधनकारक करावे. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाचे मूत्रपिंड फुगलेले दिसले तर आशाताईंच्या वहीत त्याची नोंद व्हावी आणि जन्मानंतर ते बाळ बालरोगतज्ज्ञांकडे पोहोचले की नाही याची विचारणा व्हावी. आणि ज्यांच्या घरात टॉनिकची तिसरी बाटली आणली गेली आहे, त्यांनी ती फोडण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारावे: मुलाची लघवी, बीपी आणि क्रिएटिनिन एकदा पाहू या का?